रबराला लावलेलं तेल

माझ्या धाकट्या बहिणीचं चांगलं चाललेलं काम मी बुडवलं. आधी हेच लिहून टाकतो. नाहीतर मी पुन्हा मशीनच्या गोष्टी सांगत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. मशीनच्या गोष्टी मला सोप्या जातात.

शेलूबाजारला आमचं घर हायवेपासून दोन गल्ल्या आत आहे. मागं पत्र्याची छपरी, तिथं मी जुन्या वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. आयटीआय केलेला वायरमन मी. आधी मोटरपंप, पंखे, मिक्सर असली कामं करायचो. मग गावात जुन्या मशीन यायला लागल्या. पुण्याकडं गेलेल्या लेकानं नवी घेतली की जुनी टेम्पोत टाकून आईबापाकडं धाडायची, अशी ती वाट. दोन टपांच्या, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. काही त्याहूनही जुन्या, जाड पत्र्याच्या, दोन माणसांशिवाय न हलणाऱ्या. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. शहरात पंधरा वर्षं टिकलेली मशीन इथं दोन वर्षांत रडायला लागते.

त्या जाड पत्र्याच्या मशीनचं मला वेडच होतं. गंज खरवडायचा, रेडऑक्साइडचा हात मारायचा, वाळला की रंग द्यायचा. टपातला पांढरा थर लिंबूसत्वाच्या गरम पाण्यानं सोडवायचा. कारंज्याच्या भंगारातून तसलीच एखादी मेलेली मशीन आणायची आणि तिचे भाग हिला लावायचे. सहा महिने मुकी पडलेली मशीन एखाद्या दुपारी घूं करून फिरायला लागली की मला काय व्हायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. बायको म्हणायची, "माह्यापेक्षा त्या डब्ब्यायवर जास्त जीव हाये तुमचा." मी हसायचो. ती खरं बोलत होती.

बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. केनवडला दिली होती. मूलबाळ नाही. नवरा आजारानं गेला, त्यानंतर एका दिवाळीला माहेरी आली आणि राहिली. राहू का, असं तिनं विचारलं नाही. राहा, असं मी म्हटलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी बोलून होत नाहीत. दुपारची ती छपरीत येऊन बसायची. आधी नुसती बघायची, मग स्क्रू वाटीत वेगळे काढून ठेवायला लागली, मग कोणता स्क्रू कुठला ते माझ्याआधी सांगायला लागली.

एक दिवस मी बेअरिंग आणायला कारंज्याला गेलो होतो. परत आलो तर दोन महिने मला न जुमानलेली मशीन अंगणात फिरत होती. मी तिची मोटर तपासली होती, कपॅसिटर दोनदा बदलला होता. बहीण पदरानं हात पुसत म्हणाली, "भाऊ, ह्याच्या टायमरमंदी मुंग्यायनं घर केलं होतं. ब्रशनं झाडून काढलं, बस."

मी म्हणालो, "हं."

बायको ओसरीवरून बोललीच, "हं काय? चांगलं झालं म्हना ना. दोन महिने घरात मुतखडा झाल्यासारखं तोंड करून फिरत होते."

त्या दिवशी बरगडीखाली काहीतरी पहिल्यांदा पेटलं. मला वाटलं, उन्हातून आलो म्हणून असेल.

पेटायचं दुसरं कारण तिच्या तपासण्याच्या रीतीचं. मशीन तयार झाली की मी ती दहा मिनिटं रिकामी फिरवायचो. आवाज बरा आला की गिऱ्हाइकाला निरोप. बहीण एकदा म्हणाली, "रिकामी तं कोनतीबी चालते भाऊ. बाया तिच्यात काय कोंबतात थे कोंबून पाह्य." आणि तिनं घरातली दोन पदरी गोधडी भिजवून माझ्या नव्या रंगवलेल्या मशीनमध्ये टाकली. मशीननं दोन वळसे घेतले, कण्हली आणि थांबली. पट्टा सैल होता. बायको पोट धरून हसली. त्यानंतर आमच्या छपरीतून एकही मशीन गोधडीची परीक्षा दिल्याशिवाय गेली नाही. रीत चांगली होती. ती मला सुचली नव्हती, एवढीच तिची खोट.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. चादरी, वाकळी, गोधड्या, उशांच्या खोळी, झाडून सगळं. पूर्वी बाया नदीवर जायच्या. आता जुनी मशीन अंगणात ओढतात, पाच किलोच्या मशीनमध्ये पंधरा किलोचा ऐवज घालतात आणि ती बसली की आमच्या दारात आणतात. माझा हंगाम तो. बहीण आल्यावरच्या दुसऱ्या वर्षी त्या हंगामात बाया दारात उभ्या राहून विचारायला लागल्या, "बाई हाये का घरी?"

"मी आहे ना. काय झालं?"

"नाई, बाईलेच दाखवाची होती."

याचं कारण मला कळत होतं. बाया मला एवढंच सांगायच्या, बंद पडली. काय टाकलं होतं विचारलं की म्हणायच्या, "साधे कपडे जी." बहिणीजवळ मात्र खरं ओकायच्या. हळदीचं पोतं धुतलं, नातवाच्या दुपट्यात खुळखुळा राहिला, जावेला दाखवायला म्हणून एकदम तीन गोधड्या घातल्या. त्यामुळं मशीन उघडायच्या आधीच तिला अर्धं दुखणं ठाऊक असायचं. मी मनाशी म्हणायचो, बाई आहे म्हणून बाया येतात, त्यात कारागिरी कसली? पण नंतर शेतकरी बाप्येही यायला लागले. धनजहून एक जण मशीन घेऊन आला. मी पुढं झालो तर म्हणाला, "तुमी असू द्या मिस्त्री, ताई रिकाम्या झाल्या का सांगा. थांबतो मी." आणि तो खरंच निंबाच्या झाडाखाली दोन तास बसून राहिला. मी त्याला चहा दिला. माझ्याच छपरीत मी चहा देणारा झालो.

मग मी हलकेपणा सुरू केला. चांगला पाना मी खिशात ठेवायचो आणि ती शोधत राहायची. फोन आला की म्हणायचो, ती घरी नाही. ती मागच्या खोलीत असायची. एखादी मशीन तिनं सुरू केली की मी म्हणायचो, "पाहू किती दिवस चालते." ती हसून म्हणायची, "चालन भाऊ, तुहीच तं शिकवन हाये." ती हे मनापासून म्हणायची. मला त्यात टोमणा ऐकू यायचा.

हायवेला एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या फाटकाला लागून एक गाळा बरीच वर्षं बंद पडून होता. शटर, पाण्याचा नळ, समोर टेम्पो उभा करायला जागा. त्या गाळ्यासाठी मी मालकाला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तो "पाहू" म्हणाला होता. नवरात्राच्या महिनाभर आधी तोच मालक माझ्या दारात आला, टेम्पोत तीन अवजड जुन्या मशीन घेऊन. कुठल्याशा लॉजमधून उचलल्या होत्या. गाद्यांच्या खोळी आणि चादरी धुवायला त्याला त्या चालू करून हव्या होत्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रामराम केला आणि बहिणीशी बोलायला लागला.

"ह्या तीन मशीनी लग्नसराईभर चालल्या बाई, का गाळा तुमचा. शटर उघडा, बोर्ड लावा. मोठे काम तिथंच येईन, इथं गल्लीत कोन शिरते?" मग माझ्याकडं वळून, "काय मिस्त्री, खरं ना?"

मी म्हणालो, "हाव."

बहिणीनं त्या रात्रीच्या भाकरी करपवल्या. बायकोनं चिडवलं, "आतापासून शेठानी झाल्या का बाई?" तर म्हणाली, "वहिनी, बोर्डावर जास्त काही नाई लिवनार. मशीन दुरुस्ती, अन् खाली माह्यं नाव. माह्यं नाव कायवरबी नाई ना आजपर्यंत." मी पुढ्यातलं ताट बघत होतो. तिला एक गाळा हवा होता, आपल्या पायावर बसायला एक जागा. तो गाळा मला हवा होता. आणि खरं सांगायचं तर मला तो मिळाला नसता तरी चाललं असतं, तिला मिळू नये एवढंच होतं.

तीन आठवडे ती त्या मशीनमध्ये बुडाली होती. पत्रा साफ केला, मोटरी उघडल्या, पाणी घुसळणाऱ्या फिरक्या बदलल्या. मी काही भाग आणून दिले. शेवटचं काम रबराचं होतं. पिळायच्या टपाचा दांडा जिथून खाली मोटरकडं जातो तिथं भात्यासारखं एक रबर बसतं. वरचं पाणी खाली मोटरवर पडू नये म्हणून ते. नवं रबर घट्ट असतं, दांड्यावर चढता चढत नाही. ती अंगठे लाल होईस्तोवर झटत होती. बायको तिथंच शेंगा फोडत बसली होती, ती उठली आणि घरातून गोड्या तेलाची वाटी घेऊन आली.

"बाई, बांगडी चढत नाई तं काय करता तुमी? तेल लावत नाई का हाताले? लावा न मंग."

दोघी हसल्या. बोटानं रबराच्या आतून तेल फिरवलं आणि रबर सुळकन दांड्यावर उतरलं. "पाह्यलं?" बायको म्हणाली, "आमालेबी येते मिस्त्रीकाम." तिन्ही मशीनची रबरं दोघींनी तशीच चढवली. रबर जिथं खाली घट्ट बसतं त्या काठालाही तेल लागलं.

मी चार हात अंतरावर वायर गुंडाळत बसलो होतो आणि सगळं बघत होतो. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. दीड-दोन महिन्यांत पकड सोडतं आणि पाणी थेंब थेंब मोटरवर उतरतं. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. सुरुवातीला मीही असंच तेल लावून दोन मोटरी जाळल्या होत्या. तेव्हापासून मी साबणाचं पाणी लावतो. साबण रबराला काही करत नाही, वाळून जातो. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायची तर जळलेल्या मोटरींचंही सांगावं लागलं असतं.

बहीण म्हणाली, "भाऊ, एकदा पाह्य ना. बराबर बसलं?"

मी वाकलो. रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं. अंगठ्याला तेल आलं. ते मी पँटला पुसलं.

"बरोबर आहे," म्हणालो.

संध्याकाळी तिनं तिन्ही मशीनमध्ये भिजलेल्या गोधड्या घातल्या. खाली कोरडा कागद अंथरून वाकून बघितलं. एक थेंब नाही. तेलाचं काम त्या दिवशी दिसतच नसतं. तिला सगळी परीक्षा घेता येत होती, ही सोडून, आणि ही मला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी मशीन गेल्या. त्यानंतर मी कधीही सांगू शकलो असतो. नवी रबरं आणून अर्ध्या दिवसात काम झालं असतं. घट बसले तेव्हा सांगता आलं असतं. दसऱ्याला तिनं माझ्या हातात सोनं दिलं, वाकून पाया पडली, तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, सुखी राहा. तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयात पहिलं लग्न लागलं. मशीन नीट चालल्याचा निरोप आला आणि घरात पेढे वाटले गेले. मला वाईट वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मी गळतीची वाट बघत होतो.

तिसऱ्या लग्नाच्या आदल्या दिवशी पाणी उतरलं. मोटर जळाली, आणि तेवढंच झालं नाही. कार्यालयाच्या मागच्या अंगणात अर्थिंग धड नव्हतं, त्यामुळं ओल्या मोटरीतून करंट पत्र्याला आला. तिथं चादरी धुणारी एक बाई होती, पन्नाशीची. तिनं झाकणाला हात लावला आणि ती मागं फेकली गेली. कोपर दगडी पायरीवर आपटलं. हाड मोडलं. दोन महिने तिचा हात गळ्यात होता, आणि त्या दोन महिन्यांत तिला कुणी कामाला बोलावलं नाही.

माणसाला लागेल हे माझ्या मनात आलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मी वायरमन आहे. पाणी आणि मोटर एकत्र आल्यावर काय होतं हे मला माहीत नव्हतं असं कोण मानेल?

मालकानं तिन्ही मशीन परत आणून टाकल्या. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "शेवटी बाईचा हात हो. चुकी माहीच." बहीण छपरीत उघड्या मशीनसमोर बसली होती. लोळागोळा झालेलं रबर हातात धरून मला म्हणाली, "भाऊ, माह्यं काय चुकलं?"

"होते असं कधी कधी," मी म्हणालो.

ती रोज त्या जखमी बाईच्या घरी जायची. धुणं-भांडी करून द्यायची. छपरीत मात्र परत आली नाही. संक्रांत झाल्यावर ती केनवडला गेली, दिराच्या घरी. जाताना बायकोला म्हणाली, "माह्या हाताले येश नाई वहिनी." मी जीपपर्यंत सोडायला गेलो, पिशवी टपावर चढवली. आठवडाभरानं मालक आला. "मिस्त्री, आता तुमीच बसा गाळ्यात." मी त्या तीन मशीनना साबणाचं पाणी लावून नवी रबरं बसवली आणि गाळ्यात बसलो. बोर्डावर माझं नाव लागलं. मशीन पुढं वर्षानुवर्षं चालल्या. लोक म्हणाले, पहा, मिस्त्रीचा हात तो मिस्त्रीचा हात.

मागच्या दिवाळीपर्यंत हे असंच राहिलं. भाऊबीजेला मी केनवडला गेलो. दिराच्या घरी मागच्या अंगणात ती दगडावर गोधड्या आपटत होती. दोन हात अंतरावर मशीन उभी होती, झाकणावर कणसांचं टोपलं ठेवलेलं.

"बंद आहे का?" मी विचारलं.

तिची जाऊच बोलली, "निस्ता पट्टा सरकला म्हनतात कोनी. ह्या जाऊबाईले म्हटलं पाहा, तुमाले येते ना. तं हातच लावत नाई."

बहीण गोधडी पिळत म्हणाली, "मी हात लावला का बिघडते बाप्पा. कोनाले लागलं म्हंजे?"

तिनं मला ओवाळलं. मी ओवाळणी घातली, जेवलो, निघालो. जीपस्टँडवर जीप लागलेली होती. आमच्याकडं जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि दिवाळीमुळं शेवटची दोन सीटं त्या दिवशी येता येत नव्हती. ड्रायव्हर हाका मारत होता. मी खिडकीशी बसून राहिलो. जीप लगेच निघाली असती तर मी घरी गेलो असतो, याची मला खात्री आहे. अर्ध्या तासानं मी उतरलो. ड्रायव्हर ओरडला, "ओ काका, आता भरली अन् उतरता का?" मी परत चालत गेलो.

ती एकटीच अंगणात होती. मी उभ्यानं सांगितलं. तेल, अंगठा, पँट, सगळं.

ती आधी नुसती म्हणाली, "तेलानं?"

"हो. फुगते रबर."

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"तू यायच्या लय आधीपासून."

"मंग काय लावाव?"

"साबणाचं पाणी."

तिनं मान हलवली, जसं एखादी मशीन उघडल्यावर दोष सापडला की हलवायची तशी. मग तिचं तोंड बदललं. "मी रोज त्या बाईच्या पाया पडली भाऊ. पाच वर्सं मी ह्या हातायले शिव्या देल्ल्या. काहून केलं असं? मी तुह्यं काय घेतलं होतं?"

"मले जळत होतं," मी म्हणालो. आयुष्यात इतकं थेट मी कधी बोललो नव्हतो. "तू माझ्यापेक्षा चांगली होती."

"थे तं मले माहीत होतं," ती म्हणाली. "म्हनून तं मी लोकायले म्हनत जाय, भावानं शिकवलं." आणि मग, "जाय तू. आता जाय."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तेल मी देल्लं होतं. माह्या हातून झालं थे पाप, अन् तुमी मलेबी सांगतलं नाई. पाच वर्सं मी त्या बाईच्या समोरून जातो अन् 'कसा हाये हात' म्हनून इचारतो." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक व्हायचा, ताट यायचं, आवाज नाही.

पंधराव्या दिवशी बहिणीचा फोन आला. "गाळ्याच्या चाव्या किती हायेत?"

"दोन."

"दोनी आनून ठेव. सोमवारी येईन. अन् आधी त्या बाईच्या घरी जाऊ. तिथं तू बोलाचं, मी नाई."

गेलो. ती बाई आता पंचावन्नच्या पुढं गेली आहे, उजवा हात तिचा अजून पुरता सरळ होत नाही. मी खाली बसून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "एवढं मोठं झाड अन् आतून पोकळ. मिस्त्री, तुमाले एक डाव तसाच झटका बसाले पाह्यजे, मंग कळन." मग बहिणीकडं वळून, "अन् पोरी, तू कायले माह्ये भांडे घासत होती व?" बहीण रडायला लागली. मला कुणी उठ म्हटलं नाही. मी आपणहून उठलो.

मालक गाळ्याचं ऐकून कुरकुरला. घरातलं भांडण असेल तर माझ्या फाटकावर नको, म्हणाला. बहिणीनं त्याच्या त्याच तीन मशीन त्याच्यासमोर उघडल्या आणि दोन तासांत आवाज निम्म्यावर आणला. त्यानंतर त्याची कुरकुर थांबली. बोर्ड मी स्वतः उतरवला. नव्या बोर्डावर तिला हवं होतं तेवढंच आहे, आणि खाली तिचं नाव. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. या वर्षी दसऱ्याला सोनं दिलं, पण वाकली नाही.

मी पुन्हा छपरीत आहे. मत्सर गेला असं लिहिलं तर हे सगळं पुन्हा खोटं होईल. गेला नाही. गाळ्यासमोर टेम्पो दिसला की मी तो कुठल्या गावचा ते वाचतो.

यंदा घट बसायच्या चार दिवस आधी एक माणूस ॲपे रिक्षात जुनी मशीन घालून दारात आला. तसलीच, जाड पत्र्याची. अशी मशीन मला तीन वर्षांत पाहायला मिळाली नव्हती. मी झाकण उचललं, टप हातानं फिरवून पाहिलं. गिअरचं काम होतं, आणि अवघड.

"बाई इथंच बसतात ना?" त्यानं विचारलं.

"नाही. हायवेला, कार्यालयाच्या फाटकाजवळ."

"तुमीबी करता वाटते?" छपरीकडं बघत तो म्हणाला. "तुमीच पाहा मंग. इतक्या दूर कुठं नेऊ?"

हायवे दोन गल्ल्यांवर आहे. माझा हात झाकणावरच होता. मनात आलं, ठेवून घ्यावी. आणि दुसरंही आलं, ते जास्त खरं आहे: तिच्याकडं जावी आणि तिला जमू नये. दोन्ही आलं तसं लिहिलं.

"हे काम बाईच करेल," मी म्हणालो. "माझ्यानं नाही होणार."

झाकण बंद केलं. खाली उतरवलेली मशीन त्याच्याबरोबर धरून परत ॲपेत चढवली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, आडवी टाकू नको, आत तेल आहे गिअरचं, सांडेल.